बाटली औषधांच्या डब्यातून काढा, मसाल्यांच्या शेजारी ठेवा

प्रश्न : ताई, माझं वय ५८. दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीही आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होते, बीपीची सकाळी एक. दिवाळीत सूनबाई पुण्याहून आली ती ॲपल सायडर व्हिनेगरच्या तीन बाटल्या घेऊनच. तिच्या ऑफिसात सगळे घेतात म्हणे. तेव्हापासून उठल्या-उठल्या कपभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चमचाभर मध घालून घेते. त्यावर तासभर काही खायचं नाही, असं तिनं बजावलंय. त्यामुळे चहाबरोबरची खारी-बिस्किटं सुटली. संध्याकाळी आम्ही दोघं गंगापूर रोडला फिरायलाही जायला लागलो. उपाशीपोटीची साखर १६०च्या आसपास असायची, ती १३०वर आली. म्हणून महिन्याभरापासून संध्याकाळची गोळी मी बंद केली आहे. पण हल्ली गार पाणी प्यायलं की दातांत कळ जाते आणि रात्री छातीत जळजळतं. त्यात उत्साहाच्या भरात आमच्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर तेच व्हिनेगर ओतून पुसलं, तर चकाकी जाऊन पांढुरके चट्टे पडले. शेजारच्या वहिनी म्हणतात, मानेवरच्या चामखिळींना कापसानं लावा, गळून पडतील. मिस्टर म्हणतात, नळांना वापर आणि मोकळी हो. एकदम बंद केलं तर सुनेला वाईट वाटेल. काय करू?
– एक सासू, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

सुनेचं नंतर बघू, ओट्याचंही नंतर बघू. आधी ती संध्याकाळची गोळी.

आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही गोष्टी सांगा : महिनाभर संध्याकाळची गोळी घेतलेली नाही, आणि रोज सकाळी दोन मोठे चमचे व्हिनेगर पोटात जातं आहे. दुसरी गोष्ट सांगायला लाजू नका. ‘डॉक्टर ओरडतील’ म्हणून घरगुती उपाय लपवणारी माणसं मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून रोज पाहत आले. आणि गोळी आपल्या मनानं परत सुरूही करू नका. कारण उलटही होऊ शकतं. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही चालायला लागलात, बिस्किटं सोडलीत, वर व्हिनेगर. अशात पूर्ण डोस घेतला तर साखर नको तितकी खाली जाण्याची शक्यता असते. डोस कमी करायचा की तसाच ठेवायचा, हे डॉक्टर ठरवतील. कदाचित कमीही करतील. तोवर एकदम घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर तपासा. ७०च्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. तिथे मात्र व्हिनेगरचा काही उपयोग नाही.

दोन तपासण्या मागून घ्या. एक एचबीए१सी. तुम्ही बघताय ती फक्त सकाळच्या एका क्षणाची साखर. जेवणानंतर ती कुठवर चढते हे त्यात दिसत नाही, आणि गोळी सोडल्याचा फटका तिथे बसू शकतो. एचबीए१सीत साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. दुसरी, रक्तातलं पोटॅशियम. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही छापलंय का बघा. ही लघवी वाढवणारी औषधं पोटॅशियम खाली आणतात, आणि जास्त व्हिनेगरही तेच करतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये २८ वर्षांच्या एका बाईची नोंद छापली होती. ती वर्षानुवर्षं रोज पाव लिटर ॲपल सायडर व्हिनेगर पीत होती. पोटॅशियम घसरलेलं आणि हाडं ठिसूळ झालेली. तुमचे दोन चमचे म्हणजे त्याच्या आठव्या हिश्श्याइतके, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. पण बीपीची गोळी चालू असताना एकदा बघून घेतलेलं बरं.

आता १६०ची १३० कशानं झाली, ते बघू. तुम्ही सगळं श्रेय बाटलीला देऊन टाकलंत. ताई, तुमच्याच पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत. मैदा, साखर आणि वनस्पती तुपाची खारी-बिस्किटं सुटली, आणि रोज संध्याकाळचं चालणं सुरू झालं. मधुमेहाचे कुठलेही डॉक्टर पहिल्या भेटीत याच दोन गोष्टी सांगतात, आणि आपण ‘हो डॉक्टर’ म्हणून घरी येऊन खारी चहात बुडवतो. सुनेच्या ‘तासभर काही खायचं नाही’ या नियमानं ते करून दाखवलं. त्याबद्दल तिचे आभार मानायलाच हवेत.

व्हिनेगरचा स्वतःचा वाटा शून्य आहे असंही नाही. २००४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २९ माणसांना पाव आणि संत्र्याचा रस असं पिष्टमय जेवण देण्याआधी सुमारे २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून दिलं. जेवणानंतर साखर आणि इन्सुलिन कमी चढलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत परिणाम जास्त होता, मधुमेह झालेल्यांत कमी. कारण असं की व्हिनेगरातल्या ॲसेटिक ॲसिड या आम्लामुळे जठर सावकाश रिकामं होतं, आणि अन्नातली साखर रक्तात हळूहळू उतरते. पण नीट पाहा : हे सगळं जेवणाच्या वेळचं आहे. तुम्ही ते उपाशीपोटी घेता, आणि पुढे तासभर काही खात नाही. मग ते अडवणार कुठल्या साखरेला?

उपाशीपोटीच्या साखरेवरही त्याच विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता, २००७ मध्ये, ११ मधुमेहींवर. झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर दिल्यावर सकाळची साखर सरासरी ४ टक्क्यांनी उतरली. नुसतं पाणी दिलं तेव्हाही २ टक्क्यांनी उतरलीच. ४ टक्के म्हणजे १५०ची १४४. तुमची तीस अंकांची उतरण यात बसत नाही. ती तुमच्या पायांची कमाई आहे.

आणि तो मध! चमचाभर मधात पाच-सहा ग्रॅम साखर असते. साखर उतरवायला घेतलेल्या पाण्यात साखरच घालायची, हे गणित मला कधी उमगलं नाही. मध साखरेपेक्षा ‘नैसर्गिक’ असेल, रक्ताला त्याचं कौतुक नसतं.

दहा-बारा वर्षांच्या मधुमेहात आणखी एक गोष्ट जपायची. काहींच्या जठराच्या नसा मंदावतात. थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं, मळमळतं. स्वीडनमध्ये २००७ साली अशा दहा रुग्णांना व्हिनेगर दिलं तेव्हा मुळात सावकाश रिकामं होणारं जठर आणखी रेंगाळलं. हे रुग्ण इन्सुलिनवरचे, टाइप १चे होते. तरी जेवणानंतर बराच वेळ अन्न तसंच बसून राहिल्यासारखं तुम्हालाही वाटत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

छातीतली जळजळ. ‘ॲसिडिटीवर ॲसिडच उतारा’ असं मोबाइलवर फिरतं, पण त्याला धड आधार नाही. तुम्हाला त्रास व्हिनेगर सुरू केल्यावर लागला असेल, तर पंधरा दिवस पूर्ण बंद करून बघा. तरीही जळजळ राहिली, किंवा चालताना, जिना चढताना छाती भरून आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका. मधुमेह आणि बीपी असलेल्या बाईच्या छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दातांबद्दल आता जरा सविस्तर, कारण इथे गेलेलं परत येत नाही. दातावरचं कठीण कवच म्हणजे इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). व्हिनेगरचा पीएच तीनच्या आसपास. कपभर पाण्यात घातलं तरी तो फार वर येत नाही, आणि तुम्ही ते कोमट करून घोटघोट पिता. चिंच खाऊन दात आंबले तर संध्याकाळपर्यंत ठीक होतात; रोज सकाळी तेच झालं, तर लाळेला झीज भरून काढायला उसंत मिळत नाही. इनॅमल पुन्हा उगवत नाही. नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी २०१२ मध्ये १५ वर्षांच्या एका मुलीची नोंद केली होती. वजन कमी करायला ती रोज ग्लासभर ॲपल सायडर व्हिनेगर प्यायची, आणि तिच्या दातांची झीज स्पष्ट दिसत होती. तुम्ही व्हिनेगर घेऊन लगेच ब्रश करत असाल, तर आणखी वाईट. आम्लानं मऊ पडलेला थर ब्रशनं खरवडला जातो. आंबट काहीही घेतलं की साध्या पाण्यानं चूळ भरायची, आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासानं. दंतवैद्यांना मात्र दाखवून घ्याच. मधुमेहात हिरड्यांचीही तपासणी व्हायला हवी, एका खेपेत दोन्ही होईल.

सुनेच्या ऑफिसात सगळे घेतात ते बहुधा वजनासाठी. तिला हे वाचायला द्या. २०२४ मध्ये लेबनॉनमधला एक अभ्यास जगभर गाजला. बारा आठवडे रोज एक ते तीन लहान चमचे व्हिनेगर घेऊन जाड मुलामुलींचं वजन सहा ते आठ किलोंनी उतरलं, असा दावा होता. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला, इन्फ्लुएन्सरांनी नाचवला. पुढे तज्ज्ञांनी आकडे तपासले तर ते जुळेनात, मूळ माहितीत विसंगती निघाल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’वाल्या बीएमजे समूहानं तो शोधनिबंध मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी किती जणांच्या ग्रुपवर आली? माझ्या एकाही नाही. त्याआधी २००९ मध्ये जपानात दीडशेहून अधिक माणसांवर बारा आठवडे जो प्रयोग झाला, त्यात वजन उतरलं ते एक ते दोन किलो. तीन महिन्यांत! तेवढं तर चहातली साखर सोडूनही उतरतं.

बाटलीच्या तळाशी ढगासारखं काही तरंगतं ना? त्याला ‘मदर’ म्हणतात, आणि त्या नावावर किंमत चढते. त्यात गूढ काही नाही. सफरचंदाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट मद्य करतं, मग ॲसेटोबॅक्टर जातीचे जिवाणू त्या मद्याचं ॲसेटिक ॲसिड करतात. त्या जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा पडदा म्हणजे मदर. खराब नाही, जादूचं नाही. मोठ्या चमचाभर व्हिनेगरात पोटॅशियम असतं १०-११ मिलिग्रॅम. एका केळ्यात साडेतीनशेच्या पुढे. सफरचंदाचे गुण हवे असतील तर सफरचंद खावं.

चवीला नको म्हणून व्हिनेगरच्या गोळ्या आणि चघळायच्या गमी निघाल्या आहेत, सुनेचं पुढचं पार्सल त्यांचं येऊ शकतं. परत पाठवा. अशी एक गोळी घशात अडकून अन्ननलिकेला इजा झाल्याची नोंद २००५ मध्ये अमेरिकेत झाली. त्यानंतर संशोधकांनी बाजारातल्या आठ प्रकारच्या गोळ्या तपासल्या, तर आतल्या आम्लाचं प्रमाण एकमेकांशी कुठेच जुळेना.

चामखिळींना हात लावू नका. शेजारच्या वहिनींचा उपाय इंटरनेटवर जगभर आहे, आणि त्यापायी २०१५ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीनं नाकावरचे तीळ काढायला व्हिनेगर लावून कातडी भाजून घेतल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलंय. तुमच्या मानेवर जे आहे ते बहुधा मधुमेहात पुष्कळांना येणारे मऊ लोंबते कोंब असावेत. त्वचारोगतज्ज्ञ ते दहा मिनिटांत काढतात. तुमची जखम भरायला वेळ लागणार, तिथे भाजण्याचा प्रयोग कशाला? एक्झिमावरही, म्हणजे इसबावरही, हे लावतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २२ जणांना दोन आठवडे पातळ व्हिनेगरात हात बुडवायला लावला. कातडीत सुधारणा नाही, आणि १६ जणांना उलट आग-खाज झाली.

आता ओटा. माझा आवडता विषय, कारण इथे व्हिनेगर जे करायचं ते चोख करतं.

कडप्पा हा काळा चुनखडक आहे, ताई. शहाबादी फरशी चुनखडकच, कोटाही चुनखडकच, संगमरवर त्यांचा भाऊबंद. सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर त्याला विरघळवतं. नळावरचा पांढरा थर, किटलीच्या बुडाशी जमलेला क्षार, शॉवरची बुजलेली भोकं, हेसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच. ज्या कारणानं नळ लखलखतो त्याच कारणानं ओटा मरतो. तुमच्या ओट्यावर डाग पडलेला नाही. वरचा गुळगुळीत थर खाल्ला गेला आहे. त्यामुळे कितीही घासा, जाणार नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवला तर आठवडाभर काळाभोर दिसेल, पण कायमचा उपाय म्हणजे फरशी पॉलिश करणाऱ्या माणसाला बोलावणं. आणि हो, लिंबू, चिंच, कोकम सांडल्यावरही हेच होतं. कडप्प्याचा ओटा ज्यांच्या घरी आहे त्यांनी लिंबू पाटावर चिरावं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आपला दगड कुठला हे ठाऊक नसेल, तर ओट्याच्या खालच्या कडेवर, दिसणार नाही तिथे, लिंबाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवून पुसून बघा. खरखर लागली तर व्हिनेगर लांब.

तुमचे मिस्टर बरोबर आहेत, फक्त त्या कामाला ही महागडी बाटली नको. किराणा दुकानात ‘सिंथेटिक’ लिहिलेला साधा पांढरा व्हिनेगर मिळतो, कितीतरी स्वस्त, आणि क्षार काढायला तेवढाच जोरकस. सफरचंदाचा रंगही मागे राहत नाही. स्वच्छतेला तो आणा. नळाला व्हिनेगरात भिजवलेलं फडकं गुंडाळून वीस मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका; रात्रभर ठेवलं तर नळाचं क्रोम मंद पडतं. विजेच्या किटलीत अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घालून गरम करा, थंड होऊ द्या, मग दोनदा साधं पाणी उकळून ओता. वॉशिंग मशिनमध्ये दर वेळी ओतायचा सल्ला फिरतो; रबरी वायसर त्यानं खराब होतात, तो टाळा. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मोरी स्वच्छ करण्याचे व्हिडिओही पुष्कळ. फसफसतं फार छान! पण दोघं एकमेकांना मारून उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा.

एक गोष्ट मात्र कधीही नाही. संडास-बाथरूमच्या क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा, बाटल्या त्याच हाताळतात.

ॲपल सायडर व्हिनेगरच हवा असं घरकाम मला एकच ठाऊक आहे : चिलटं. आंब्याच्या दिवसांत फळांच्या टोपलीवर जी घोंगावतात, ती आंबत्या फळाच्या वासावर येतात, आणि या व्हिनेगरला तोच वास असतो. वाटीत दोन चमचे व्हिनेगर, वर भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणानं पृष्ठभागाचा ताण मोडतो, चिलटं बसायला जातात ती बुडतात.

राहिलं पोटात घ्यायचं. तुम्हाला चव आवडत असेल, आणि जळजळ थांबल्यावर डॉक्टर हो म्हणाले, तर दुपारच्या काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत लहान चमचाभर घाला. जेवणाबरोबर, अन्नात मिसळून. त्या वेळी त्याचा जो थोडाफार उपयोग आहे तो होतो, आणि दातांना फटका कमी बसतो. आवडत नसेल तर लिंबू पिळा; पावाबरोबर लिंबाचा रस घेतल्यावरही साखर सावकाश चढल्याचं एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर पिढ्यान्‌पिढ्या विंदालूत आणि सोरपोतेलमध्ये जातं. व्हिनेगरची ती जागा आहे, आणि चांगली मानाची आहे.

सुनेला काय सांगायचं? खरं ते. ‘तुझ्यामुळे माझी खारी सुटली आणि साखर उतरली. पण दात दुखायला लागले, म्हणून आता पीत नाही, कोशिंबिरीत घालते.’ एवढंच, फोनवर, सहज. मुलाच्या मार्फत नको. मधल्या माणसानं सांगितलं की ‘आईला आवडलं नाही’ एवढंच पोहोचतं. तुमच्या साखरेची चौकशी करून, पुण्याहून तीन काचेच्या बाटल्या सांभाळून आणणारी मुलगी दातांचं ऐकून रुसणार नाही. उलट तीही घेत असेल, तर तिच्याही दातांचं विचारा. आणि एक काम तिच्यावर सोपवा : एचबीए१सीचा रिपोर्ट आला की तिला पाठवायचा, मागच्या रिपोर्टाशी ताडून बघायला. काळजी करायला तिला बाटलीपेक्षा बरं काही मिळेल.

दोन बाटल्या न उघडलेल्या असतील, तर अंधाऱ्या कपाटात ठेवा, लवकर खराब होत नाहीत. उघडलेली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, फक्त झाकण घट्ट लावा आणि ऊन लागू देऊ नका.